स्टँडजवळचा तीळ

४ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

कंपनीने तुझा दावा फेटाळला आहे. दुपारी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने मला फोनवर सांगितलं, संध्याकाळी तुझ्या वहिनीने दुजोरा दिला. तिला तुझ्या नवऱ्याकडून कळलं होतं. कारण असं दिलंय की स्कूटरच्या स्टँडच्या सेन्सरमध्ये मालकिणीने छेडछाड केली, सबब अपघाताची जबाबदारी कंपनीवर येत नाही.

पाच महिन्यांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात ही अशी. पण बातम्यांच्या डेस्कवर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरी सुरुवात सुचत नाही. आधी काय झालं, मग कोणी सांगितलं, मग बाकीचं. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद.

तू पडलीस हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही गाडीमालकांच्या गटातून. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, 'आपल्या सचिवांच्या बहिणीला अपघात. मुकी गाडीचा दोष नाही, चालवणाऱ्याची चूक.' खाली बावीस जणांचे अंगठे. मी अंगठा दिला नाही. तो मेसेज काढूनही टाकला नाही. सचिव म्हणून मला काढता आला असता, हे तुला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मनगटाची दोन हाडं मोडली आणि आत पट्टी बसवली, हेही वहिनीकडूनच. ती म्हणाली, तू डाव्या हाताने मेण तासायला बसलीस आणि कुणा आजोबांच्या कवळीला सुळा मधोमध लावलास. सांगताना ती हसत होती. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. कवळ्या करणाऱ्या बाईचा उजवा हात म्हणजे काय, ते मला समजावून सांगायला नको.

आता गटाचं. तुला काढलं ते मी, ते नियमाने काढलं. तक्रार आधी कंपनीकडे, पंधरा दिवस वाट पाहायची, त्यानंतर गटात, आणि भागधारकांच्या पानावर कधीच नाही, हा नियम सगळ्यांना सारखा होता. तू थेट भागधारकांच्या पानावर लिहिलंस, तेही वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी. बाहेरचे लोक ते पान वाचतात. भाव पडला तर फक्त माझा पडत नाही, चारशे घरांचा पडतो. त्यात तुझंही घर होतं.

असो. जुनं उगाळत नाही. एकच विचारायचं होतं. मधल्या काळात गाडी तू कुठल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवली होतीस का? तसं असेल तर मोकळेपणी सांग. पुढचं सोपं होईल.

हाताला जप.

दादा


१३ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

तुझं पत्र काल मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. अक्षर आधी ओळखलंच नाही. वहिनी म्हणाली, 'अहो, डाव्या हाताचं आहे ते.' मग वाचलं. 'दादा, बाहेरचं गॅरेज नाही. तीळ कोणी लावला?' सोबत कंपनीच्या अहवालातला फोटो. स्टँडच्या सांध्याचं काळं झाकण उघडलेलं, आत सेन्सर आणि त्याला चिकटलेला काळा ठिपका. भोवती लाल पेनने गोल.

तुझा नवरा तक्रार निवारण कार्यालयात अपील करणार आहे असं कळतं. त्याच्या वकिलांना उपयोग होईल म्हणून हा तीळ प्रकार एकदा नीट मांडून ठेवतो. तुला यातलं निम्मं माहीत आहे.

मुकी रस्त्यावर आली तेव्हा आपण पहिल्या चारशेत होतो. विजेवरची स्कूटर, आवाज नाही, धूर नाही, म्हणून तिला मुकी हे नाव गटानेच पाडलं. वर्षभराने कंपनीने शेअर काढले आणि पहिल्या मालकांना आधी दिले. तेव्हापासून गटाचे अध्यक्ष म्हणायला लागले, 'आपण गाडी चालवत नाही, कंपनी चालवतो.' त्यावर तू म्हणाली होतीस, 'मग ब्रेक कोण मारतो?' सगळे हसले होते. तेव्हा अजून हसत होते.

दोष पहिल्याच उन्हाळ्यात दिसला. स्टँड खाली असताना गाडी सुरू होऊ नये म्हणून तिथे सेन्सर असतो. त्यात धूळ गेली की त्याला वाटतं स्टँड खाली आहे, आणि तो चालत्या गाडीची मोटर बंद करतो. चौकात, चढावर, पुलावर, कुठेही. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलं की ते फुंकर मारून देत. महिनाभर बरं, पुन्हा तेच.

तेव्हा गटातल्या एकाने शोध लावला की मसुराएवढं चुंबक सेन्सरला चिकटवलं तर सेन्सरला कायम वाटत राहतं की स्टँड वर आहे. गाडी बंद पडत नाही. लहानसा, काळा, म्हणून तीळ. मुकीला दृष्ट लागू नये, अशी थट्टाही झाली. मग रिवाजच पडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी जमायची, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि ज्याची गाडी रुसली असेल त्याला तिथल्या तिथे तीळ लागायचा. दहा मिनिटांचं काम. सर्व्हिस सेंटरला हेलपाटा नाही, कंपनीच्या नावाने ओरड नाही. घरातलं भांडण घरात मिटवावं तसं.

उलट बाजू अशी की तीळ लागला की स्टँड खाली असतानाही गाडी सुरू होते. हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो. 'स्टँड स्वतः बघायचं हं, आता ती सांगणार नाही.' सांगितल्याशिवाय तीळ लावायचा नाही, असं ठरलेलं होतं.

गटात तीळ लावणारे बरेच होते. तुझ्या गाडीला कोणी लावला असेल, हे आता सांगणं कठीण आहे.

दादा


२० फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. तीळ लावणारा मी एकटा होतो. तुझ्या गाडीला मी लावला.

हे लिहायला मला एक आठवडा लागला. खरं तर तुझ्या वहिनीने लिहायला लावलं. ते पत्र टाकून आलो तर ती व्हरांड्यात माझा डबा मांडीवर घेऊन बसलेली. तोच, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत चुंबकं, दोन नळ्यांचा डिंक, सुई, पांढरा रंग आणि वही.

'काय लिहिलंत तिला?'

'तांत्रिक माहिती दिली.'

'आणि त्याच्या आधीच्या पत्रात?'

'गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली होती का, एवढं विचारलं.'

'तुम्ही विचारलंत?' ती म्हणाली. 'तुम्ही?' मग तिने वही उघडून मोठ्याने वाचलं, तू लहानपणी पाठांतर म्हणायचीस तसं, एका सुरात. '१८७. मुंगी. न विचारता.'

प्रत्येक तिळाला मी नंबर द्यायचो. ऑफिसात कात्रणांना द्यायचो तसा. सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगात, तिळाच्या मागच्या बाजूला, म्हणजे डिंकाच्या बाजूला. कोणी गाडी विकली तर आपला तीळ ओळखून काढून घेता यावा, हा हेतू. चिकटवल्यावर तो नंबर दिसत नाही. वहीत नंबर, तारीख, मालकाचं नाव आणि शेरा. दोनशे एकतीस तीळ लागले आहेत. बहुतेकांपुढे शेरा आहे, 'सांगितले'. तुझ्या पुढे आहे, 'न विचारता'. मी स्वतःच्या हाताने लिहिलं. वहीत खोटं लिहायचं मला जमलं नाही, तुला लिहायचं जमलं.

ऑगस्टमधला तो पहिला रविवार. त्याच्या चार दिवस आधी तुझी गाडी पुलावर मधोमध बंद पडली होती आणि मागून ट्रक येत होता. तू आलीस तीच रागाने लाल होऊन. मी म्हणालो, 'बस, चहा घे, दहा मिनिटांत तीळ लावून देतो.'

तू म्हणालीस, 'मला तीळ नको. माझी तक्रार त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहून हवी.'

'अगं, ते लिहून घेतात आणि फुंकर मारतात.'

'मारू देत. शंभर जणांना फुंकर मारून दमले की मग काहीतरी करतील. तुम्ही लोक त्यांना दमूच देत नाही.'

गटातल्या बँकवाल्यांनी विचारलं, 'ताई, तुम्ही आपल्या बाजूच्या की त्यांच्या?' त्यांच्या म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या. तू म्हणालीस, 'गाडी माझी, शेअर माझा, तक्रारही माझीच. यात बाजू कुठून आली?'

मग वहिनीने तुला आत नेलं, जुने फोटो दाखवायला. ती शपथेवर सांगते की तिला माझा बेत माहीत नव्हता. ते खरं आहे. मी खिडकीतून पाहिलं, तुम्ही दोघी अल्बमवर वाकलेल्या. आणि मी बाहेर स्क्रूड्रायव्हर घेऊन तुझ्या गाडीशेजारी बसलो.

का? तुला ट्रकखाली जाऊ द्यायचं नव्हतं. हे खरं आहे, आणि हे सोयीचंही आहे. दुसरं कारणही तेवढंच खरं. सभा तोंडावर होती आणि तुझी गाडी बंद पडायची थांबली असती तर तुझं तोंडही थांबलं असतं. यातलं कोणतं आधी मनात आलं, ते मला आज सांगता येत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. तीन आठवड्यांनी मी गटात, सगळ्यांसमोर, तुला विचारलं, 'आता बंद पडते का गाडी?' उत्तर मला माहीत होतं. तू प्रामाणिकपणे लिहिलंस, 'नाही. का पडत नाही ते कळत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.' त्यावर मी लिहिलं, 'म्हणजे दोष नव्हताच.' चाळीस अंगठे आले. मग तू भागधारकांच्या पानावर विचारलंस की काहीही दुरुस्ती न करता दोष नाहीसा कसा झाला, हे कोणी सांगेल का. ते सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याने तुला अफवा पसरवते म्हणून काढून टाकलं.

डेस्कवर मी पोरांना सांगायचो, दुसऱ्या माणसाने दुजोरा दिल्याशिवाय ओळ सोडायची नाही. इथे दोन्ही माणसं मीच होतो.

तू गाडी सुरू केलीस तेव्हा स्टँड खाली होतं, हे अहवालात लिहिलंय. अर्थातच होतं. वर्षभर गाडीच तुला सांगत होती की स्टँड खाली आहे, मी सुरू होणार नाही. मी तिला गप्प केलं आणि तुला कळवलं नाही. डावीकडच्या वळणावर ती कलली, स्टँड रस्त्याला टेकलं आणि तू उजवीकडे फेकली गेलीस.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि डाव्या हाताने लिहायला त्रास होतो.

दादा


३ मार्च

प्रिय मुंगी,

काल अध्यक्षांच्या घरी गटाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषय एकच होता, मी. मी तुझ्या अपिलात लेखी जबाब देणार, हे मीच त्यांना कळवलं होतं. पाठीमागून काही करायचा मला आता कंटाळा आला आहे.

अध्यक्ष भूलतज्ज्ञ, हे तुला माहीत आहेच. आवाज इतका मऊ की शस्त्रक्रिया न करताही माणूस डोळे मिटेल. त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले.

'सचिव, तुमची तळमळ समजते. बहीण ती बहीण. पण तुम्ही जबाब दिलात की कंपनी काय म्हणणार? दोनशे एकतीस गाड्यांमध्ये छेडछाड झाली. दोनशे एकतीस जणांची वॉरंटी गेली. एका मनगटापायी?'

मी म्हणालो, 'मनगट माझ्या बहिणीचं आहे.'

'म्हणूनच तर म्हणतो. आपण तिला मदत करू. सगळे मिळून करू. दवाखान्याचं सगळं बघू. मी स्वतः तिला चांगल्या हाडांच्या डॉक्टरकडे नेतो.'

'आणि अहवालात ती खोटारडी म्हणून राहील.'

'अहवाल कोण वाचतो हो?'

'ती वाचते.'

बेकरीवाला इतका वेळ बिस्किटं मोजावीत तसा बोटं मोजत बसला होता. तो एकदम म्हणाला, 'मला सांगा, माझ्या बायकोच्या गाडीलापण आहे ना तीळ?'

'आहे. नंबर चौऱ्याण्णव.'

'तिला सांगितलं होतंत तुम्ही, स्टँडचं?'

'तुला सांगितलं होतं. गाडी तू आणली होतीस.'

तो म्हणाला, 'मी नाही सांगितलं तिला. विसरलो.' आणि उठून फोन लावायला बाहेर गेला. काचेतून दिसत होता, एक हात डोक्यावर.

बँकवाले मात्र तापले. 'तुम्ही घरभेदी आहात,' म्हणाले. 'ज्या ताटात जेवता त्यातच...' बाकीची म्हण त्यांनी गिळली, कारण अध्यक्षांची बायको ताटल्या घेऊन आली. मी म्हणालो, 'बँकवाले, सहा महिन्यांपूर्वी हेच वाक्य मी तिच्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही अंगठा दिला होता. माझ्याकडे आहे.'

निर्णय असा झाला की येत्या बैठकीत मला सचिवपदावरून आणि गटातून काढायचं. ठराव मांडणार बँकवाले, अनुमोदन अजून ठरायचंय. अध्यक्षांनी मला दारापर्यंत सोडलं. म्हणाले, 'तुमचं सगळं याच शेअरमध्ये आहे, सचिव. निवृत्तीचं सगळं. एकदा विचार करा.'

केला. वहिनीलाही विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'मला विचारून घेतले होते का शेअर?' तो विषय तिथे संपला.

दादा


११ मार्च

प्रिय मुंगी,

आज मी कंपनीत जाऊन आलो. कारखान्यामागे चाचणी विभाग आहे, त्याच्या प्रमुख बाईंनी भेट दिली. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, खिशात टॉर्च. टेबलावर आपल्याच मुकीचं स्टँड सुटं करून ठेवलेलं, एखाद्या कोंबडीच्या पायासारखा.

मी डबा आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, घाई न करता. मी समोर बसून त्यांच्या भिंतीवरचा तक्ता पाहत होतो. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, 'हे सगळे सेन्सरमुळे बंद पडणाऱ्या गाड्यांचे मालक?'

'सगळे.'

'यातल्या किती जणांनी आमच्याकडे लेखी तक्रार केली?'

'सुरुवातीला केली असेल काहींनी. नंतर कोणी नाही. आम्हीच सोडवायचो ना.'

त्या उठल्या आणि कपाटातून एक फाईल काढून आणली. दोन वर्षांत या सेन्सरच्या लेखी तक्रारी नऊ. पहिल्या सहामाहीत आठ. त्यानंतर फक्त एक. तुझी, ऑगस्टमधली.

'आठ आल्या तेव्हा मी नवीन सेन्सरचा प्रस्ताव दिला होता,' त्या म्हणाल्या. 'बंदिस्त, धूळ न जाणारा. नमुनाही तयार होता. मग तक्रारी एकदम थांबल्या. वरून विचारलं, प्रश्न सुटला का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे म्हणत होते सुटला. काम मागे पडलं.'

आणि मग, मला टोचायचं म्हणून नव्हे, नुसतं सांगावं तसं त्या म्हणाल्या, 'तुम्ही आमचे सगळ्यात चांगले ग्राहक. तुमच्यामुळेच आम्हाला काही कळलं नाही.'

मुंगी, गेल्या वार्षिक सभेत संस्थापकांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की सेन्सरच्या तक्रारी नऊवर थांबल्या. तेव्हा सभागृहात पहिली टाळी वाजवली ती मी. उभा राहून. मला वाटलं होतं हे आमचं यश. होतंही. तू ऑगस्टमध्ये जे म्हणालीस, 'तुम्ही लोक त्यांना दमूच देत नाही,' ते अक्षरशः एका फाईलमध्ये लिहिलेलं मी आज वाचलं.

मी बाईंना विचारलं, 'माझ्या बहिणीच्या गाडीतला तीळ तिने लावला नाही, हे कसं सिद्ध होईल?'

'उचकटून. आमच्या माणसाने फोटो काढला, पण तीळ तसाच ठेवलाय. गाडी मोहोरबंद आहे. वहीत लिहिल्याप्रमाणे मागे नंबर निघाला, तर तुमचा जबाब टिकेल. नाही निघाला, तर तुम्ही बहिणीला वाचवायला वही रंगवली असं म्हणतील.'

'निघेल.'

'डिंकाने रंग खाल्ला नसेल तर,' त्या म्हणाल्या. हे मात्र मला सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर मी माझ्या गाडीचा तीळ काढला. नंबर एक. सुरीने उचकटला, थोडा टवका गेला. पालथा करून खिडकीशी नेला. आकडा पिवळट झालाय, पण आहे. वहिनीलाही दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, 'एक.' म्हणजे दुजोरा मिळाला. अर्थात तुझ्या तिळावरचा राहिला असेलच असं यातून सिद्ध होत नाही.

दादा


१८ मार्च

प्रिय मुंगी,

तक्रार निवारण अधिकाऱ्याने गुरुवारची तारीख दिली आहे. काल तुझ्या नवऱ्याने फोनवर कळवलं आणि आज कार्यालयातून मलाही पत्र आलं. तुझा नवरा माझ्याशी सव्वा मिनिट बोलला. 'दादा' म्हणाला. पूर्वी म्हणायचा तसा नाही, पण म्हणाला.

आठवडाभरातलं थोडक्यात. तीळ काढल्यावर माझी मुकी दोन दिवसांत तीन वेळा बंद पडली. तिसऱ्यांदा मंडईच्या चौकात, सिग्नल सुटल्यावर. मागचा टेंपोवाला म्हणाला, 'काका, ढकला आता, प्रेम होतं ना.' त्याला कसं कळलं कोण जाणे. पाठीवर गटाचं जाकीट होतं, त्यावरून असेल. ढकलत सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांचा माणूस फुंकर मारायला लागला, मी म्हणालो, आधी रजिस्टर आण. तक्रार क्रमांक दहा. माझी सही.

अकरावी बेकरीवाल्याच्या बायकोची. ती स्वतः आली होती, नवऱ्याला मागे बसवून. आज दुपारी मॅनेजरने फोन केला. आवाजात त्रास होता. 'सर, हे काय चाललंय, सतरा झाल्या.' मी म्हणालो, अजून दोनशेच्या वर आहेत, नवं रजिस्टर आणून ठेवा.

बँकवाल्यांनी काल ठराव मांडला आणि अध्यक्षांनीच अनुमोदन दिलं. सचिवपद गेलं, गटही गेला. काढल्याचा मेसेज मोठा गमतीचा असतो, तुला आठवत असेल. 'तुम्ही आता या गटाचे सदस्य नाही', आणि खाली जुनं सगळं तसंच दिसत राहतं, फक्त लिहिता येत नाही. मी खाली खाली जात ऑगस्टपर्यंत गेलो आणि तुझे मेसेज वाचले. एकातही वावगा शब्द नाही. मी तेव्हा ते नीट वाचलेच नव्हते. कोणाचे आहेत ते पाहून ठरवलं होतं.

शेअर मी विकले नाहीत. तू हसशील. जबाब बाहेर पडला की भाव खाली जाणार हे मला आधी कळलंय, आणि ज्यांना कळलेलं नाही त्यांच्या गळ्यात मारून मोकळं व्हावं असं वाटलं नाही. आणि खरं सांगू, गाडी चांगली आहे. सेन्सर वाईट आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात बोलता येतं, हे तुला पहिल्यापासून जमत होतं.

आता गुरुवारचं. सकाळी अकरा वाजता, सर्व्हिस सेंटरच्या मागच्या शेडमध्ये. अधिकारी, कंपनीचा वकील, चाचणी विभागाच्या बाई, तुमचे वकील आणि मी. अर्जदार म्हणून तुला बोलावलं आहे, यायलाच हवं असं नाही. आधी मोहोर तोडतील, मग काळं झाकण उघडतील. बाई स्वतः तीळ उचकटणार आहेत, पातळ पात्याने, टवका जाऊ नये म्हणून. मग तो पालथा करून पांढऱ्या कागदावर ठेवतील. मागे १८७ असेल, तर कंपनीचा अहवाल तिथेच मोडेल आणि छेडछाड करणाऱ्याच्या रकान्यात तुझ्या जागी माझं नाव येईल. रंग उडालेला असेल, तर मी वहीचं पान दाखवीन, शेऱ्यासकट, आणि त्यांना ठरवू देईन. निकाल आठ दिवसांत लागेल असं अधिकाऱ्याच्या कारकुनाने सांगितलं. वहिनीने पुन्हा फोन करून खात्री केली.

मी साडेदहापासून शेडच्या फाटकाशी उभा असेन. बसने येणार आहे. गाडी आता तक्रारीत जमा आहे.

तू येशील का, आणि आलीस तर माझ्याशी बोलशील का, याबद्दल मला कोणीच काही सांगितलेलं नाही. त्यामुळे त्याविषयी काही लिहीत नाही.

दादा